दाबा, सोडा, बघा

"दाबा. सोडा. बघा." आमच्या मळमड्डीच्या घरात पाऊल टाकताच अक्कांनी नमस्कार-चमत्कार न करता माझ्या हातावर अंगठा रोवला. पांढरा ठसा उठला आणि लगेच पुन्हा लाल झाला.

"दाबलं की बारीक नळ्यांतलं रक्त बाजूला होतंय, सोडलं की परत येतंय. अप्पांच्या पाठीवर लाल दिसलं की हेच करायचं. लाल ते लालच राहिलं तर आत बिघडायलंय म्हणून समजा."

अप्पा म्हणजे माझे वडील. निवृत्त वकील, खुबा मोडून अंथरुणाला खिळलेले. पाठीला जखम झाली तर या वयात ती भरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून दिवसभरासाठी ठेवलेल्या, पेशंट सांभाळणाऱ्या या अक्का.

पाहुण्यांचीही सुटका नव्हती. देशपांडे नगरातले काका एकाच खुर्चीत दोन तास बसून अप्पांना धीर देत होते. अक्का म्हणाल्या, "उठा की हो. इतका वेळ आम्ही पेशंटलाही एका जागी ठेवत नाही." काका उठले ते थेट स्कूटरवरच बसले.

मग भाचीच्या लग्नासाठी त्या दोन दिवस अळणावरला गेल्या. अप्पा शांत झोपले होते, कूस बदलायला त्यांना हलवावंसं मला वाटलं नाही. अक्का परतल्या तेव्हा माकडहाडावर लाल डाग होता. अंगठ्याखाली तो पांढरा होईना. अक्का माझ्याकडे वळल्या.

"अय्यो! तुमच्या दयेनं माणूस कुजतंय, अण्णा."

त्यानंतर दर दोन तासांनी कूस बदलणं एकदाही चुकलं नाही. अप्पा ओरडायचे, "हा छळ आहे! मी कोर्टात जाईन!"

"जावा की. चालत जावा."

तिसऱ्या आठवड्यात डाग अंगठ्याखाली पांढरा झाला. अप्पांनी कुशीवरूनच विचारलं, "निकाल?"

"तुमच्या बाजूनं," म्हणत अक्का पदर तोंडाला लावून हसल्या.

अप्पा गेले ते पुढच्या थंडीत, छातीच्या दुखण्यानं. अंघोळ घालायला पुरुषमंडळी जमली. बायकांचं हे काम नाही, असं कोणीतरी पुटपुटलं. अक्का सरळ आत घुसल्या. "वर्षभर मीच कूस बदललीय. एवढं एकदा मलाच करू द्या."

त्यांनी अप्पांना हलकेच कुशीवर वळवलं आणि मला जवळ बोलावलं. "बघून घ्या, अण्णा. कुठं फाटलेलं नाही." पाठ स्वच्छ होती. मला रडू आवरेना.

संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा मी सवयीनं विचारून बसलो, "उद्या आठलाच ना?"

चपला घालता घालता त्या थांबल्या. वर्षभर मला उठता-बसता झापणारी ही बाई माझ्या हातावर अंगठा दाबून, सोडून, ठसा पुन्हा लाल होईपर्यंत बघत राहिली.