लकव्याचं कबुतर

२०२३ साल. माझं वय सत्तर, शाळा चौथीपर्यंत. परभणीहून पोखर्णीला जाताना रस्त्याला लागून आमचं गाव, आन् माझ्या माळवदावर कबुतरांची ढाबळ. कुणाला लकवा मारला की लोक माझ्याकडं यायचे. कबुतर कापून त्याचं गरम रक्त लुळ्या अंगाला चोळायचं, ही आमच्याकडली जुनी रीत. मी कुणाकडून पैसा घेतला न्हाई. त्याची लय घमेंड होती मला.

आदल्या साली पाळी माझ्याच घरावर आली. सकाळी सातला मला चहा देताना बायकोच्या हातातून कप पडला. तोंड एका बाजूला ओढलं, शब्द लोळायला लागले. लेक म्हणाला, "दादा, जीप आणतो, परभणीला नेऊ."

मी म्हणालो, "गावाला औषध मी देतो आन् माझी बायको दवाखान्यात?"

दोन कबुतरं कापली. दिवसभर चोळत बसलो. दुसऱ्या दिवशी तिला उठवंना, तवा लेकानं मला न विचारता जीप आणली.

डॉक्टरनं सांगितलं, मेंदूकडं जाणारी नस गुठळीनं बंद झाली. "पहिल्या चार तासांत आणलं असतं तर गुठळी विरघळायचं इंजेक्शन देऊन बघता आलं असतं, बाबा. काल कुठं होता?"

"गाडी भेटली न्हाई," मी म्हणालो. लेक खाली बघत उभा राहिला.

ती वाचली. पण उजवा हात गेला, बोलणं गेलं. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं मला बोलणारी बाई. आन् मी काय केलं, तर स्टँडवरच्या हॉटेलात सांगत सुटलो, माझ्या कबुतरानं तिचा जीव वाचवला म्हणून. लोकांना ते खरं वाटलं.

म्हणूनच यंदा एका दुपारी शेजारच्या गावचा एक जण मोटारसायकलवर आला. गाडी बंदसुद्धा केली न्हाई.

"मामा, एक कबुतर द्या. वडलांचं तोंड वाकडं झालंय, तांब्या हातात धरवंना. आत्ता घडीभरापूर्वी झालं."

मी शिडीला हात लावला, तोच मागं ताटली आपटली. बायको ओसरीत डाव्या हातानं शेंगा फोडत बसली होती. शेंगा अंगणभर पसरल्या. तिनं त्याच हातानं आधी आपल्या लुळ्या हातावर मारलं, मग परभणीच्या रस्त्याकडं बोट केलं. मला वाटायचं, तिला त्या दिवसाचं काही याद न्हाई.

"मामी चिडल्या का काय?" तो म्हणाला.

"कबुतर भेटणार न्हाई. वडलांना परभणीला ने. आत्ताच."

"आवो, मामी कबुतरानं बऱ्या झाल्या, तुमीच सांगत फिरता की."

"बरी झाली असती तर तिनंच तुला आत बोलावून चहा दिला असता. मी खोटं बोललो. मी तिचा एक दिवस घालवला, तू तुझ्या बापाचा घालवू नको."

"म्हातारं डोक्यानं गेलं," असं पुटपुटला. पण फोन लावला आन् घरच्यांना जीप काढायला सांगितली.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. इंजेक्शन वेळेत मिळालं, हात हलायलाय. मला बरं वाटलं. पण ती शेजारीच बसून ऐकत होती. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता, कुणी आणून ठेवल्यासारखा. मला तिच्याकडं बघवंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हाताला धरून हॉटेलावर नेलं. लाजेपायी वर्षभर तिला उंबऱ्याबाहेर काढलं नव्हतं. बाकड्यावर बसवलं, चहाची बशी तिच्या डाव्या हातात दिली. मग तिच्या देखत सगळ्यांना सांगितलं, कप किती वाजता पडला, लेक काय म्हणाला, आन् मी काय केलं.

एक जण म्हणाला, "म्हंजे इतके दिवस थापाच मारल्या का, दादा?"

"हां," मी म्हणालो, "मारल्या." आन् कप पडला तिथून परत सांगायला लागलो, कारण तेवढ्यात आणखी दोघं आत आले होते.