उरलेले तीन वाल

मोड आलेल्या वालांचा कडसर, ओला वास आला की मला कडावचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. आई बिरड्यासाठी वाल सोलत होती. मी भागाकार मांडून पुन्हा पुन्हा पाटी पुसत होते. बाकी उरली म्हणजे गणित चुकलं, असं मला वाटायचं.

"उद्यापासून मी शाळेत जानार नाय," मी रडवेली होऊन म्हटलं.

आई कधीच शाळेत गेली नव्हती. तिने मूठभर वाल माझ्यापुढे ठेवले. "मला नाय येत गं. तू शिकव."

मी चार वाट्या मांडून सारखे वाल टाकत गेले. शेवटी तीन उरले. ते मी हळूच एका वाटीत ढकलले.

"तिलाच जास्ती का गं? ती वाटी काय जावयाची हाय?"

"मग उरलेले कुठं टाकू?"

"उरले तर उरू दे की."

मी पाटीवर बाकी तीन लिहिली आणि या वेळी पुसली नाही.

पुढे मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आता माझी लेक गणितात अडते, तेव्हा मीही वाल सोलत म्हणते, "तू शिकव." आईला खरंच येत नव्हतं. मला उत्तर येत असताना गप्प बसावं लागतं, आणि ते अजून जमायचं आहे.