भिशीचा पहिला नंबर

अमडापूरच्या अन्नपूर्णाबाईंना गाण्यांचं भारी वेड. रेडिओ घ्यायचाच म्हणून सत्तर साली त्या बारा बायकांच्या भिशीत शिरल्या. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे घालायचे आणि जिची चिठ्ठी निघेल तिनं सगळी रक्कम उचलायची. पहिल्याच महिन्यात त्यांची चिठ्ठी निघाली. बायकांनी टाळ्या पिटल्या, पण अन्नपूर्णाबाईंनी चिठ्ठी परत केली.

"मले शेवटचा नंबर द्या," त्या म्हणाल्या.

"काऊन बाप्पा? घरी आलेली लक्ष्मी परत करता काकू?" शेजारची कोकिळा म्हणाली.

"आज उचलले तं ते तुमचे पैसे. गाणं लागलं की मले तुमचेच चेहरे दिसतीन. शेवटी उचलले तं माह्ये मीच जमवलेले."

मग पुन्हा काढलेली चिठ्ठी कोकिळेची निघाली. तिनं ती रक्कम उचलली आणि आठवड्यात रेडिओ आणला. अन्नपूर्णाबाई रोज दुपारी तिच्या ओसरीवर गाणी ऐकायला जाऊ लागल्या.

"काकू, तुमच्याच पैशाचा हाय, आवाज वाढवू का?" कोकिळा चिमटा काढी.

"वाढव ना वं! फेडणं तुह्याकडं, आयकणं माह्याकडं," असं म्हणून अन्नपूर्णाबाई भिंतीला टेकून निवांत पाय पसरत.