भेंडीच्या पाण्यातली चांदी

दौंडहून पुण्याची डेमू सुटली तेव्हा बाटली पिवळी होती. तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण माझं बूड कुठं ठरतंय! केडगाव यायच्या आत कितीदा तरी खिडकीशी जाऊन बाटली उजेडात धरली.

चांदीचे कण अतिबारीक करून पाण्यात सुटे ठेवले, की पाणी पिवळं दिसतं. ते एकमेकांना चिकटले की करडं होतं, आणि मग सगळी मेहनत पाण्यात. दुपारपर्यंत ते सुटे राहायला हवे होते. पुण्यातल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरची वेळ तिथल्या मॅडमच्या हातापाया पडून मिळाली होती आणि माझ्या पीएचडीचं अख्खं प्रकरण या एका नमुन्यावर लटकलं होतं.

कण सुटे राहावेत म्हणून मी त्यात भेंडीचा चिकट रस घातला होता. वडगाव रासाईला सासरी आमचं गुऱ्हाळ आहे. उसाचा रस उकळताना त्यात भेंडीचं पाणी ओततात, मळी वर येते, रस स्वच्छ होतो. गुळाला चालतं ते चांदीला का नाही? भेंडी मळी गोळा करते म्हणूनच ती वर येते, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

आप्पा, म्हणजे सासरे, शेजारी बसले होते. स्वतः तोडून दिलेली भेंडी मशीनमध्ये कशी दिसते ते बघायला कडक इस्त्रीची टोपी घालून निघालेले.

यवतला पाणी करडं झालं. उरुळीला तळाशी काळा गाळ, वर नितळ पाणी.

आप्पांनी बाटली घेतली आणि त्यांचा चेहरा फुलला. "निवळलं की गं! झालं तुझं काम!" समोरच्या बाईलाही दाखवली. "आमच्या सूनबाईनं केलंय."

मला ओरडावंसं वाटत होतं. "आप्पा, बिघडलंय ते. कण सुटे राहायला हवे होते. भेंडीनं गोळा केले."

"म्हंजी आपल्या भेंडीनंच?"

"हो."

लोणी येईपर्यंत ते बाटली दोन्ही हातांत धरून बसले.

वेळ मिळालीच होती, म्हणून पुण्यात पोचल्यावर एक थेंब वाळवून मशीनमध्ये घातला. पडद्यावर काळ्या गोलांचे ढीगच्या ढीग. प्रकरणाचं वाटोळं झालं होतं. आप्पा कितीतरी वेळ वाकून बघत राहिले.

"ह्ये आपलेच हायती न्हवं?"

"आपलेच," म्हटलं, आणि मला रडू फुटलं.