तरसाच्या गळ्यातली तार

रेणापूरच्या शेताला कुंपण घालताना धाकट्या भावाने पक्कडीने तार तोडली आणि तिचं सुटं टोक सपकन उसळून माझ्या पायाशी आलं. ‘सरक गं ताई, लागंल!’ तो ओरडला. मी सरकले, पण नजर तिच्यावरून हटेना. उन्हात चमकणाऱ्या त्या बारीक तारेने मला पार झांबियातल्या तांबड्या मातीच्या एका आवारात नेऊन उभं केलं होतं.

जखमी रानजनावरांना बरं करून पुन्हा रानात सोडणारं ते केंद्र. उदगीरची माझी मैत्रीण जनावरांची डॉक्टर. ती तिथे सेवेला निघाली आणि मी शिकवते त्या नांदेडच्या शाळेला सुट्टी लागताच मीही तिच्यासोबत गेले. ‘आपल्याकडं जनावरं न्हाईत का गं?’ आई फोनवर विचारायची. मी हसायचे, पण गवत नुसतं सळसळलं तरी मी दचकून मागे पाहायचे.

एका दुपारी तरसाची मादी आणली. हरणांसाठी लावलेल्या फासाची तार तिच्या गळ्यात रुतून मांसात गेली होती. गुंगीचं औषध देऊन तिला टेबलावर घेतलं. तिच्या डोळ्यांवरचं फडकं एका हाताने धरायचं आणि दुसरा बरगड्यांवर ठेवून श्वास पाहायचा, हे माझं काम. मैत्रीण तारेचे वेढे तोडत होती. संथ, गरम चाललेला श्वास अचानक आखूड झाला. कान हलला.

‘जागी होऊन राहिली,’ मी पुटपुटले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

मैत्रिणीने लगेच दुसरी सुई दिली. पण औषध भिनायला वेळ लागणार होता आणि शेवटचा वेढा श्वासनळीवरच आवळलेला. ती मादी आता झटापट करती, तर गळाच चिरला असता.

‘भ्या वाटत असंल तर आत्ताच भाईर जा,’ मान वर न करता मैत्रीण म्हणाली. ‘राहिलीस तर फडकं सोडू नको. उजेड दिसला की उसळंल ती.’

मी राहिले. हाडं फोडणारा तो जबडा माझ्या मनगटापासून वीतभरावर होता. गुरगुर कानांना ऐकू येण्याआधी तळव्याला कळली. त्याच तळव्याखाली तिचं काळीज असं धावत होतं की, माझ्याहून ती अधिक भ्यालीय हे मला उमगलं. मग कट् असा आवाज झाला. वेढा सुटला, आणि हळूहळू तिची मान सैल पडली.

बाहेर पायरीवर बसल्यावर मैत्रिणीने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

‘तुला भ्या न्हाई वाटलं?’ मी विचारलं.

‘आता वाटून राहिलंय,’ ती म्हणाली. ‘लई.’

जखम भरली. आम्ही परतण्याआधी तिला रानात सोडलं. पिंजऱ्याचं दार उघडलं, तरी ती बराच वेळ आतच थरथरत उभी होती. मग मान खाली घालून उंच गवतात शिरली. आता ती आहे की नाही, कोण सांगणार? मला वाटलं होतं, एवढं सोसल्यावर माझी भीती कायमची जाईल. ती गेली नाही. वयाबरोबर नवी रूपं घेऊन भेटतच राहते. पण भीती सरण्याची वाट पाहत मी आता दारात थांबत नाही. ती मादीही थरथरतच तर बाहेर पडली होती.