जुलै ते डिसेंबर घरी कोण होते

उत्तरा मोहरीर फोन वाजला की आधी मुलीकडे पाहत असे आणि मग फोनकडे. शनिवारी सकाळी तर ती फोनची वायर भिंतीतून काढूनच ठेवी, कारण तिचा नवरा विनय टेक्सासहून शनिवारीच फोन करी. एडिसनमधल्या आमच्या जुन्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये भिंती इतक्या पातळ आहेत की वरच्या मजल्यावरचा तिचा फोन मला खाली ऐकू येई आणि तो वाजत राहिला की मलाही धडधडू लागे. तिची परवानगी घेऊन, आणि नावे बदलून, मी हे लिहीत आहे.

ती अकोल्याची. बी. ए. झालेली, सुरेख अक्षराची, हळू बोलणारी. ओक ट्री रोडवरच्या एका मिठाईच्या दुकानामागच्या स्वयंपाकघरात ती तासाच्या मजुरीवर पोळ्या लाटीत असे. आपल्या पार्ट्यांना ज्या मऊसूत पोळ्या येतात आणि ज्यांचे आपण तोंडभरून कौतुक करतो, त्या कोण लाटते हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला पडल्याचे मला स्मरत नाही. दोन हजार चार सालच्या मार्चमध्ये विनय टेक्सासमधल्या शुगर लँडला गेला. मित्राच्या गॅस स्टेशनमध्ये, म्हणजे पेट्रोलपंपात, भागीदारी मिळते आहे, दोन महिन्यांत तुम्हाला नेतो, असे सांगून गेला. तो परतला नाही. तिथे तो एकटा राहत नाही, हे दिवाळीच्या सुमारास कळले. घरभाडे, वीज, अकरा वर्षांच्या गिरिजाची शाळा, सारे उत्तराच्या पोळ्यांवर चालले. बाहेर मात्र ती सांगे की ते प्रोजेक्टवर आहेत. दुकानातल्या बायका तिला चिडवीत, "विनयरावांनी टेक्सासात तेलाची विहीरच खणली वाटतं, वर यायलाच तयार नाहीत." ती हसे. तसे हसणे मला ओळखू येते.

आता कराविषयी थोडे लिहिणे भाग आहे. कमी पगारावर राबून मूल सांभाळणाऱ्या माणसाला इथले सरकार एक क्रेडिट, म्हणजे करातली सूट, देते. करापेक्षा क्रेडिट जास्त झाले तर उरलेली रक्कम रोख हाती येते. उत्तरासाठी ती रक्कम चार महिन्यांच्या भाड्याएवढी होती. तिचे भाडे दोन महिने थकले होते आणि घर खाली करण्याची नोटीस दाराखालून आत आली होती. त्यासाठीचे कराचे अर्ज फुकट भरून देणारे स्वयंसेवक दर शनिवारी लायब्ररीच्या तळघरात बसतात. ही दोन ओळींची माहिती मी आदल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या वार्तापत्राला दिली होती. "आपल्या लोकांना हे लागत नाही, उगाच चुकीचं इम्प्रेशन जातं," असे सांगून ती मला परत करण्यात आली. मी नागपूरच्या कॉलेजात बारा वर्षे वाणिज्य शिकवले आहे. इथे विमा कंपनीच्या फाइलरूममध्ये काम करते. कोणाला काय लागते हे मला मंडळाने शिकवण्याची आवश्यकता नव्हती. ती माहिती न मिळाल्याने आदल्या वर्षी मोहरीर कुटुंब साडीच्या दुकानाशेजारच्या एका 'झटपट रिफंड'वाल्याकडे गेले होते आणि पैसे आगाऊ हातात देण्याबद्दल त्याने क्रेडिटचा मोठा लचका फी आणि व्याज म्हणून तोडला होता.

म्हणून फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी मी उत्तराला माझ्या गाडीतून लायब्ररीत नेले. नंबर पुकारला गेला, आम्ही टेबलाशी पोचलो, आणि पलीकडे बसले होते श्रीरामकाका देवस्थळी. निवृत्त इंजिनियर, मंडळाचे माजी अध्यक्ष. त्यांच्या पत्नी पद्मिनीकाकू मंडळाचे हळदीकुंकू करतात. उत्तराचा हात माझ्या दंडावर आला तो बर्फासारखा होता.

काकांनी मोठ्या आपुलकीने स्वागत केले. काकूंचा निरोप मिळाला ना, पुढच्या रविवारी, रथसप्तमीच्या आधी शेवटचे हळदीकुंकू आहे, असे विचारले. मग चष्मा लावून घरी कोण कोण राहते हा पहिलाच प्रश्न वाचला आणि तिच्या उत्तरासाठी न थांबता म्हणाले, "विनय घरचाच. प्रोजेक्टवर असला तरी पत्ता इथलाच लावायचा, नाही का गं?"

"हो काका," उत्तरा म्हणाली.

त्या दोन शब्दांनी सगळे बिघडले. नवराबायकोचा एकत्र अर्ज म्हटल्यावर दोघांच्या सह्या लागतात. पुढच्या शनिवारी विनयला फोनवर घे, त्याचे पगारपत्रक मागव, असे सांगून काकांनी कागद तिला परत दिले. मी बोलायला तोंड उघडले होते. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की मी गप्प बसले.

गाडीत मी तिला नियम समजावून सांगितला. वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत नवरा घरात राहिलेला नसेल, घराचा खर्च बाई चालवीत असेल आणि मूल तिच्याजवळ असेल, तर तिला एकटीचा अर्ज भरता येतो आणि क्रेडिट पुरे मिळते. एकत्र अर्ज भरला तर विनयची मिळकत जमेत येऊन क्रेडिट बहुधा बुडेल. शिवाय त्या अर्जावर सही केली की विनयने गॅस स्टेशनवर लपवलेल्या प्रत्येक डॉलरच्या कराची जबाबदारी तिच्याही डोक्यावर. हे सारे टाळायला एकच गोष्ट करायची होती. तो घरी राहत नाही, हे त्या टेबलाशी तोंडाने सांगायचे.

"काकांना?" ती म्हणाली. "म्हणजे काकूंना. म्हणजे सगळ्यांना." ती काचेतून बाहेर पाहू लागली. मग म्हणाली, "ताई, मग मलाही तुमच्यासारखं दारातच सोडतील."

मला राग आला नाही. माझे यजमान गेल्यापासून मला हळदीकुंकवाचे बोलावणे येत नाही. आपले मंडळ पुरोगामी असल्यामुळे ते कोणी बंद केलेले नाही, केवळ यादीतून माझे नाव आपोआप गळले. उत्तराने ते पाहिले होते. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे काय होते हे पाहण्याची तिला हौस नव्हती.

बुधवारी टेक्सासहून पाकीट आले. भरलेला एकत्र अर्ज, विनयची सही, आणि तिच्या सहीच्या जागी पेन्सिलची फुली. गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. त्या दिवशी वायर भिंतीत होती. मी तिच्या घरीच होते. रिसीव्हर तिने कानापासून थोडा दूर धरला होता, म्हणून मला ऐकू आले.

"सही करून पाठव. वेगळं काही डोकं चालवलंस तर मी येईन आणि गिरिजाला घेऊन जाईन. शाळा कुठली ते मला माहीत आहे."

फोन ठेवल्यावर उत्तराने दाराची साखळी लावली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. गिरिजा सोफ्यावरून तिच्याकडे पाहत होती. "मॉम, आर वी इन ट्रबल?" तिने विचारले. उत्तरा म्हणाली, "नो बेटा, होमवर्क कर," आणि सिंकशी जाऊन नळ सोडून उभी राहिली. पाण्याखाली धरायला हातात काहीच नव्हते. त्या रात्री मीही माझ्या दाराला खुर्ची लावून झोपले. मला कोणाची भीती होती, ते मला सांगता येणार नाही.

शनिवारी ती आली ती दोन्ही गोष्टी घेऊन. पिशवीत सही न केलेले पाकीट होते आणि डोक्यात एक बेत. नंबर पुकारला गेला तेव्हा ती काकांच्या टेबलाकडे न जाता कोपऱ्यातल्या लोरेन नावाच्या स्वयंसेविकेकडे गेली. निवृत्त शाळामास्तरीण, कृष्णवर्णीय, जाड भिंगांचा चष्मा. उत्तराचे इंग्रजी मोडके, पण परक्या बाईसमोर परक्या भाषेत ते वाक्य निघाले. हजबंड नॉट लिव्हिंग. सिन्स मार्च. लोरेनने मान हलवली, पुढचा प्रश्न विचारला, त्याच्या पुढचा विचारला. भाडे कोण भरते, मुलगी कोणापाशी असते. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हते की दया नव्हती. उत्तराचा श्वास सुटलेला मला पाठीमागून दिसला. इतक्या सोप्या रीतीने हे होते, असे तिला वाटले असावे. मलाही वाटले.

मग लोरेनने कागद एका निळ्या फोल्डरमध्ये घातले आणि उठली. त्या तळघराचा एक नियम होता, आणि तो आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हता. एकाने भरलेला प्रत्येक अर्ज पाठवण्यापूर्वी दुसऱ्या, अनुभवी स्वयंसेवकाने तपासायचा. त्या दिवशी तपासणीला श्रीरामकाका होते.

फोल्डर त्यांच्यासमोर उघडला गेला. उत्तरा उठली, पिशवी उचलली, आणि दाराकडे दोन पावले गेलीसुद्धा. मी मध्ये आले. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी बाजूला व्हायला हवे होते. पण तेवढ्यात काकांनी हाक मारली, आणि ज्येष्ठ माणसाने हाक मारल्यावर न वळण्याची सवय तिला नव्हती.

काका वाचत होते. आठवड्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने 'एकत्र' अशी खूण केली होती, आणि आता समोर दुसरे काही होते. त्यांचे कान लाल झाले. ते खोकले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी मनात म्हटले, आता विचारतील, अगं, मग तेव्हा का नाही बोललीस. त्यांनी तसे विचारले नाही.

"मला हा प्रश्न विचारावाच लागतो," ते कागदाकडे पाहत म्हणाले. "मागच्या वेळी मी तो नीट विचारला नाही. जुलै ते डिसेंबर, घरी कोण कोण राहत होतं?"

तळघरातला हीटर घरघरत होता. शेजारच्या टेबलावर कोणी स्पॅनिशमध्ये आकडे सांगत होते. उत्तराने खुर्चीची पाठ धरली होती.

"मी आणि गिरिजा," ती म्हणाली. "ते नव्हते, काका. ते येणारही नाहीत."

काकांनी तपासल्याची खूण म्हणून अर्जावर आपली आद्याक्षरे घातली. इथली गोष्ट या टेबलावरच राहते, तशी मी शपथ घेतलेली आहे, असे ते हळू आवाजात म्हणाले. मग टेक्सासचे पाकीट पाहून, त्यावर काही झाले तरी सही करू नकोस आणि विनय धमकावीत असेल तर कौंटी कोर्टात फुकट सल्ला देणारे वकील असतात, असेही सांगितले. पत्ता लिहून दिला. आपल्या समाजाविषयी माझ्या ज्या तक्रारी आहेत त्यांतून त्या दिवशी मला एक माणूस वजा करावा लागला. मी तो फार खुशीने केला असे नाही.

रविवारी तिला हळदीकुंकवाला जायचे नव्हते. न जावे तर काकांनी घरी सांगितलेच असे धरून चालल्यासारखे होईल, जावे तर सांगितले की नाही ते कळेलच. शेवटी हिरवी साडी नेसून ती गाडीत बसली. सगळ्या वाटेने तिचे ओठ हलत होते. शाळेच्या कॅफेटेरियाच्या दारात पद्मिनीकाकू करंडा घेऊन उभ्या होत्या. मी आपली हातात कोट घेऊन बाहेरच्या बाजूला, माझ्या जागी.

काकूंनी तिला हळद लावली, कुंकू लावले, तिळगुळाची पुडी आणि वाणाची प्लास्टिकची डबी हातात ठेवली. मग नेहमीसारखे हसून विचारले, "आमचे जावईबापू कधी येणार टेक्सासहून?"

म्हणजे काका घरी एक अक्षर बोलले नव्हते. ती वाचली होती. 'येतील हो' एवढे म्हणून आत गेली असती, तर आणखी एक वर्ष निभावले असते. तिने दारातून माझ्याकडे पाहिले.

"ते आता आमच्यात राहत नाहीत, काकू," उत्तरा म्हणाली. "मार्चपासून."

मागच्या रांगेतले बोलणे थांबले. काकूंचा करंडा धरलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तिला वाट करून दिली, आणि ती आत गेली. तिच्या शेजारच्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या, हे मी काचेतून पाहिले. पुढच्या वर्षी तिला निरोप आला नाही. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही, तिला वाटले.

क्रेडिटचे पैसे मार्चच्या आरंभी खात्यात आले आणि नोटीस मागे घेतली गेली. ती वकिलाकडेही जाऊन आली. शाळेच्या ऑफिसात गिरिजाला कोणी न्यायचे आणि कोणी नाही, याची नोंद झाली. पण त्या रविवारी यातले काहीच घडलेले नव्हते. घरी आल्यावर तिने साखळी लावली, दोनदा ओढून पाहिली, वाणाची डबी ओट्यावर ठेवली, आणि मी पाहत असताना फोनची वायर भिंतीत खोचली. तो पाच मिनिटांतच वाजला. गिरिजा कार्टून बंद करून उभी राहिली.

उत्तराने पुडीतला तिळगूळ गिरिजाच्या हातावर ठेवला आणि मग रिसीव्हर उचलला.

"मी सही केली नाही," ती म्हणाली. तिचा आवाज इतका कापत होता की तिला ते त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागले.