शून्याच्या खाली

विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर तापमापी काढली. शून्यापाशी बर्फ, शंभरापाशी उकळतं पाणी. इथवर ठीक. मग त्यांनी शून्याच्या खालीही रेघा मारल्या आणि मला रागच आला. आमच्या दुष्काळी माण तालुक्यात उन्हाळ्यात विहिरीचं पाणी शून्यावर आलं की खाली नुसता कातळ. शून्याच्या खाली आणखी काय उरणार?

सकाळची शाळा सुटून घरी आले, तर फौजेतल्या दादाचा फोन चालू होता. "इथं मायनस वीस आहे," तो सांगत होता.

आई खूश झाली. "मग लय बरं हाय की रं! हितं चाळीस हाय. तुला निम्मंच."

तो हसला आणि रेंज गेली.

मलाही ते निम्मंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, तर ते वैतागले. "निम्मं कसलं? चाळीसवरून शून्यावर उतर, तिथून आणखी वीस खाली जा. साठ अंशांचा फरक!"

डोक्यात काही शिरलं नाही. फळ्यावरचं आठवलं तेवढं घरी येऊन आईला सांगितलं, "शून्यावर बर्फ होतो. दादा त्याच्याही खाली आहे."

भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "बर्फाच्याबी खाली?"

मग म्हणाली, "पंखा बंद कर."

आम्ही दोघी घामानं निथळत बसलो. इथला पंखा बंद करून तिथली थंडी कशी कमी होणार, हे मला सरांनाही विचारता आलं नाही.